रिकामे डबे

गेल्या वर्षीं दिवाळीच्या आधींचा रविवार होता. साबण, तूरडाळ आणि पणत्यांसाठीं तेल एवढ्या तीनच वस्तु आणावयाच्या म्हणून आम्ही सहकुटुंब घराबाहेर पडलों आणि चोवीस रिकामे डबे घेऊन परत आलों. ह्या दोन घटनांच्या दरम्यान नेमकें काय घडलें हें आम्हांस आजहि नीट सांगतां येणार नाहीं. एवढें मात्र आठवतें कीं, डाळीच्या मांडणीकडून साबणाच्या मांडणीकडे जाण्याच्या वाटेवर डब्यांचा एक डोंगर उभा होता. त्यावर छापील किंमतीवर काट मारून नवी किंमत लिहिलेली होती. आणि त्या दोन आंकड्यांतील अंतर पाहून आमच्या घरांतील मंडळींच्या मुद्रेवर जो आनंद उमटला तो लग्नांत आंतरपाट दूर झाल्यावर आम्हांस पाहूनहि उमटला नव्हता. सहांचा एक संच, एकशें नव्याण्णव रुपये! आम्हीं एक संच ढकलगाडींत टाकला, मंडळींनीं दुसरा टाकला, आमच्या कन्येनें तिसरा. आणि तीन तिगाडा नको म्हणून चौथा.

असल्या सवलतीच्या दुकानांची टिंगल करण्याचा मोह लेखक म्हणविणारांस फार होतो. आम्हांस तो होत नाहीं, आणि त्यास कारण आहे. आमचें लहानपण पुण्यास गेलें. तुळशीबागेंत आईच्या पदराला धरून आम्ही जें कांहीं शिकलों त्यांत एक गोष्ट अशी होती कीं, वस्तूची किंमत वस्तूवर नसते, ती घेणाराच्या चेहऱ्यावर असते. पातळ बरें दिसलें कीं चाळणीचा भाव वाढे. पावसानें भिजून आलेल्या गिऱ्हाइकास तो उतरे. आईस ही विद्या उत्तम साधली होती. परंतु जिला ती साधत नसे त्या बाईची त्या गर्दींत काय दैना होत असे तीहि आम्हीं पाहिली आहे. त्या रविवारीं पैसे देण्याच्या रांगेंत आमच्या पुढें एक धुण्याभांड्यांचीं कामें करणारी बाई उभी होती. तिनें एकच डबा घेतला होता, मोठा, पिठाचा. तो तिनें उलटा केला, तळावर बोटानें वाजविला, झाकण चारदां लावून काढून पाहिलें, आणि शेजारच्या मुलाला म्हणाली, "आतां उंदराच्या बापाला उघडत नाहीं." तिला लागला तोच भाव आम्हांस लागला. ही सामान्य गोष्ट नव्हे.

ह्या व्यापाराचें मूळ परदेशीं आहे. १८७९ सालीं फ्रँक वूलवर्थ नांवाच्या अमेरिकन गृहस्थानें न्यूयॉर्क राज्यांतील युटिका येथें पांच सेंटांच्या वस्तूंचें दुकान काढलें, तें कांहीं महिन्यांतच बसलें. त्याच वर्षीं पेन्सिल्व्हानियांत लँकेस्टर येथें दुसरें काढलें, तें चाललें. त्याची युक्ति साधी होती. भाव ठरलेला, आणि माल दुकानदाराच्या पाठीमागच्या फळीवर न ठेवतां गिऱ्हाइकाच्या हाताशीं मांडलेला. ज्याला जें हवें तें त्यानें स्वतः उचलून, दाबून, वाजवून पाहावें. अमेरिकेंतील वूलवर्थचीं स्वस्त मालाचीं दुकानें १९९७ सालीं उठलीं आणि विलायतेंतलीं २००९ च्या आरंभीं. पण युक्ति मेली नाहीं. जपानांत शंभर येनांचीं दुकानें निघालीं. आपल्याकडे राधाकिशन दमाणी यांनीं मुंबईस पवई येथें २००२ सालीं पहिलें डीमार्ट उघडलें. ठोक माल घ्यावयाचा, विकणाराचे पैसे लौकर चुकते करून सूट मिळवावयाची, जागा शक्यतों भाड्याची न घेतां स्वतःचीच करावयाची, रोषणाई बेताची ठेवावयाची, आणि वांचलेल्या पैशांतून भाव उतरवावयाचा, हा त्यांचा हिशेब आतां शाळकरी पोरांसहि पाठ आहे. आम्ही गेलों तें दुकान कोणतें हें सांगण्याचें प्रयोजन नाहीं. पुढें जें घडलें त्यांत त्याचा कांहींच दोष नव्हता.

डबेहि वाईट नव्हते. त्यांच्या तळाशीं त्रिकोणांत पांचाचा आंकडा होता. म्हणजे ते पॉलिप्रॉपिलीनचे. इटलींतील जूलिओ नात्ता ह्या रसायनशास्त्रज्ञानें १९५४ सालीं हा पदार्थ हवा तसा घडविण्याचें साधन हस्तगत केलें आणि १९६३ सालीं जर्मनीच्या कार्ल झीग्लर यांच्याबरोबर त्यास नोबेल पारितोषिक मिळालें. ज्या पदार्थाच्या मुळाशीं नोबेल पारितोषिक आहे त्यांत आमच्या घरचे शेंगदाणे राहणार हें ऐकून आम्हांस किंचित् अभिमान वाटला. चोवीसहि डबे एका मापाचे, एका आकाराचे, एका झाकणाचे होते. आंतला माल बाहेरून दिसत होता. एकावर एक रचले म्हणजे फडताळांत रेषा चुकत नव्हती. आमच्या कन्येनें त्याचें छायाचित्र काढून तिच्या मैत्रिणींस पाठविलें.

आतां जुन्या डब्यांविषयीं सांगितलें पाहिजे.

आमच्या घरांत त्या रविवारपर्यंत एकहि डबा रिकामा म्हणून विकत आलेला नव्हता. डबा येई तो भरलेला. आंतलें संपलें कीं मग तो आमचा होई. चणाडाळ होती ती डालड्याच्या पिवळ्या डब्यांत. डालडा आपल्याकडे १९३७ सालीं आला, पण आमच्याकडचा डबा आमच्या मुंजीच्या लाडवांसाठीं आलेला होता. त्यावरचें हिरवें ताडाचें झाड घांसून घांसून खोडापुरतें उरलें होतें. रव्याचा डबा मूळचा दुधाच्या भुकटीचा. आम्ही ज्यांतलें दूध पिऊन वाढलों त्यांतलाच शिरा पुढें चाळीस वर्षें खाल्ला. तिखट कांचेच्या बाटलींत असे. ती कोणा आजारी माणसासाठीं आणलेल्या शक्तिवर्धक पेयाची होती, आणि त्या माणसाचें पुढें काय झालें हें आम्हांस कधीं कोणीं सांगितलें नाहीं. तांदूळ होते ते तेलाच्या पंधरा किलोच्या चौकोनी डब्यांत, ज्याचें तोंड एका पत्र्याच्या कारागिरानें कापून त्यास कडी आणि झांकण डकवून दिलें होतें. पोलादाचे म्हणून जे सात डबे होते ते बोहारणीचे. तिची टोपली उंबऱ्याशीं उतरली कीं दोन तास घरांत दुसरें काम होत नसे. वडिलांच्या दोन विजारी आणि आईचें जरीचें एक विरलेलें पातळ देऊन साखरेचा मोठा डबा आला होता. त्यासाठीं आणखी एक सदरा मागून ती बाई तीनदां जिना उतरली आणि तीनदां वर आली. मग पितळी भांडीं घेऊन बसणाऱ्या नांव घालणाऱ्याकडून त्यावर टिंबाटिंबांनीं आईचें नांव आणि तारीख घालून घेतली: १२-५-१९७४. मीठ तेवढें चिनी मातीच्या बरणींत, कारण मिठापुढें पत्रा टिकत नाहीं.

ह्या डब्यांचें उगीच कौतुक करण्याचा आमचा विचार नाहीं. त्यांचे गुण गाणारांनीं श्रावणांत त्यांतले पोहे एकदां खाऊन पाहावे. झाकणें उघडावयास चमच्याचें शेपूट लागे. पत्र्याच्या कांठानें बोट कापलें नाहीं असा उन्हाळा आम्हांस आठवत नाहीं. साखरेचा डबा पाण्यानें भरलेल्या ताटांत उभा असे. तरी मुंग्या आंत सांपडत, आणि त्या पोहून जात कीं छपरावरून उतरत ह्याविषयीं घरांत दोन पक्ष होते. गव्हांत कडुनिंबाचा पाला आणि बिब्बे, तूरडाळीस एरंडेलाचा हात, हा सर्व खटाटोप डबा हवाबंद नसल्यामुळें करावा लागे. नव्या डब्यांच्या झाकणांस आंतून रबरी कडें होतें. त्याचे ते उपकार आम्ही विसरत नाहीं.

तर त्या रविवारीं दुपारीं फडताळ रिकामें झालें. भंगारवाला आला, त्यानें एकतीस डबे पोत्यांत भरले, काट्यावर टांगले, आणि पत्रा निराळा, पोलाद निराळें असा हिशेब करून आमच्या हातावर नोटा ठेवल्या. नांव घातलेला डबाहि त्यांत गेला. चिनी मातीची बरणी मात्र त्यानें परत केली. "हें आमच्यांत चालत नाहीं," असें तो म्हणाला. ती आम्हीं सज्जांत कपड्यांचे चिमटे ठेवावयास घेतली.

आई बाहेरच्या खोलींत बसली होती. तिला विचारल्यावांचून आम्हीं हें केलें असें कोणीं समजूं नये. आम्हीं विचारलें. ती म्हणाली, "तुम्हांला सोयीचें होईल तसें करा." मराठी भाषेंत दुर्बोध वाक्यें पुष्कळ आहेत, परंतु आईच्या तोंडच्या ह्या वाक्याइतकें दुर्बोध वाक्य आमच्या पाहण्यांत नाहीं. आम्हीं तें सरळ अर्थानें घेतलें.

आमच्या आईस त्या वेळीं एक्याऐंशी वर्षें पुरीं झालीं होतीं. चार वर्षांपूर्वीं तिच्या डोळ्यांस एक विकार जडला आहे. दृष्टिपटलाच्या मध्यभागाची झीज होते. बाजूचें दिसतें, पण जेथें नजर रोखावी तेथेंच धुरकट डाग येतो. मोतीबिंदूप्रमाणें हा शस्त्रक्रियेनें काढून टाकण्यासारखा नव्हे. ती घरांत हिंडते-फिरते, उंबऱ्याला अडखळत नाहीं, दारांत कोणी उभें आहे हें ओळखते. मात्र त्याचा चेहरा तिला दिसत नाहीं. पाहुणे म्हणत, "छे, ह्यांना चांगलें दिसतें." आम्हीहि हळूहळू तसेंच समजूं लागलों होतों, कारण पहाटे पांच वाजतां उठून सर्वांचा चहा करण्याचा तिचा नेम तिनें सोडला नव्हता. पन्नास-पंचावन्न वर्षांच्या त्या नेमास डोळ्यांची गरजच उरली नव्हती, हें आमच्या ध्यानांत आलें नाहीं. डालड्याच्या कडीला हात लागला कीं ती डाळ. आमच्या क्रिकेटच्या चेंडूनें ज्याला पोचा पडला तो शेंगदाण्यांचा. टिंबाटिंबांचीं अक्षरें बोटाला लागलीं कीं साखर. गार, गुळगुळीत आणि जड तें मीठ. त्या फडताळांतील प्रत्येक डब्यास आपापलें तोंड होतें, आणि माणसांचीं तोंडें दिसेनाशीं झाल्यावर तिला ओळखीचीं तेवढींच उरलीं होतीं.

दुसऱ्या दिवशीं पहाटे चहा खारट झाला. आम्ही सर्व हंसलों; आईहि हंसली. तिसऱ्या दिवशीं तिनें चहा केला नाहीं. त्यानंतर कधींच केला नाहीं. सकाळीं सात वाजतां ती बाहेरच्या खोलींतून विचारी, "चहा मिळेल का रे?" ह्या प्रश्नांत कांहीं विपरीत आहे असें आम्हांस तीन आठवडे वाटलें नाहीं. उलट, आतां आईस आराम मिळतो असें आम्ही येणाऱ्या-जाणाऱ्यांस मोठ्या समाधानानें सांगत होतों, आणि ते मान डोलावीत होते. जिनें जन्मभर दुसऱ्यास "चहा घेणार का?" एवढेंच विचारलें तिच्यावर स्वतःच्या घरांत चहा मागण्याची पाळी आली होती. आम्ही कान असून बहिरे होतों.

कार्तिकांतल्या एका रात्रीं आमची कन्या पाणी पिण्यास उठली. स्वयंपाकघरांत दिवा नव्हता. ओट्यावर डब्यांची रांग मांडलेली, झाकणें सर्व उघडीं, आणि आजी एकेक डब्यांत बोट घालून तें जिभेला लावीत होती. पोरीनें दिवा लावला नाहीं. तिनें विचारलें, "आजी, काय करतेस?" आजी म्हणाली, "पाठ करतें आहें." बाराव्या डब्यापर्यंत तिचें पाठ झालें होतें; पण सकाळीं कोणी डबा काढून दुसऱ्या जागीं ठेवला कीं सर्व विसकटे, आणि रात्रीं पहिल्यापासून आरंभ. किती रात्री हा अभ्यास चालला होता हें तिनें सांगितलें नाहीं.

सकाळीं हें आमच्या कानांवर आलें. घरांतील मंडळी पुष्कळ वेळ कणीक मळत होती, मग त्या एवढेंच म्हणाल्या, "सगळे सारखे घेतले ना आपण."

आम्ही त्याच दिवशीं भंगारवाल्याकडे गेलों. तो सभ्य माणूस. त्यानें आंत जाऊन पाहण्याचें सोंग केलें. तीन आठवड्यांपूर्वींचा पत्रा कोठें असणार? मग आम्हीं पुरुषांस सुचतो तो उपाय केला, म्हणजे चिठ्ठ्या. जाड शाईनें मोठालीं अक्षरें काढून प्रत्येक डब्यास चिकटविलीं. आईनें आमचें मन राखण्यासाठीं डबा डोळ्यांपुढें धरला, किंचित् बाजूला नेला, मान वांकडी केली, आणि म्हणाली, "अक्षर छान आलें आहे." ज्याच्याकडे पाहावें तेंच दिसत नाहीं अशा डोळ्यांस मोठें अक्षर काय आणि लहान काय.

पुढच्या रविवारीं मंडळी आईस घेऊन त्याच दुकानांत गेल्या. आम्ही गाडी ढकलावयास. आई अशा दुकानांत पूर्वीं कधीं आली नव्हती. गार वाऱ्याचा झोत अंगावर येतांच तिनें पदर खांद्यावर ओढून घेतला. डब्यांच्या मांडणीपाशीं मंडळींनीं तिचा हात धरून फळीवर ठेवला आणि त्या बाजूस सरल्या. मग आमच्या मातोश्रींनीं जी खरेदी केली ती पाहण्यासारखी होती. प्रत्येक डबा हातांत घ्यावा, त्याच्या कडेवरून अंगठा फिरवावा, तळ वाजवावा, झाकण उघडतांना कसा आवाज होतो तो कानाशीं धरून ऐकावा. चौकोनी, लांबट, कडीचा, अंगावर खवल्यांची नक्षी असलेला, झाकणास मधोमध मूठ असलेला, बिजागरीचा. असा एकेक निराळा डबा ती बाजूला काढी, आणि पूर्वीं काढलेल्या सर्वांवरून पुन्हां हात फिरवून ह्याची त्याच्याशीं गल्लत तर होत नाहीं ना हें पाही. दुकानांतला एक मुलगा मदत करावयास आला. "आजी, त्याचा पूर्ण सेट आहे, स्वस्त पडेल," असें तो म्हणाला. "तोच नको आहे बाळ," आई म्हणाली. पाऊण तास झाला. कोणीं हटकलें नाहीं. वूलवर्थनें माल गिऱ्हाइकाच्या हाताशीं मांडला, त्यामागें धंद्याचा हिशेब होता हें आम्ही जाणतों. तरी त्या पाऊण तासापुरता तो आम्हांस फार भला माणूस वाटला.

नऊ डबे निघाले. नऊहि सुटे असल्यामुळें ते चोवीसांहून महाग पडले. पैसे देण्याच्या ठिकाणीं आंकडा ऐकून आई त्या मुलीस म्हणाली, "इतके कुठें ग? नऊ घेतले आहेत, कांहीं तरी कमी कर." मुलीनें आमच्याकडे पाहिलें, आम्हीं छताकडे पाहिलें. मग तिनें यंत्रावर कांहीं तरी दाबल्यासारखें केलें आणि म्हणाली, "केले हं आजी." बिलांत पै कमी नव्हती. आई घरीं येईपर्यंत खुशींत होती.

चोवीसांपैकीं पंधरा डबे अजून आहेत. त्यांत कडधान्यें राहतात आणि ते वरच्या फळीवर असतात. खालच्या फळीवर आईचे नऊ. त्यांची जागा बदलावयाची नाहीं असा घरांत कायदा आहे, आणि तो प्रथम आम्हींच मोडला म्हणून आम्हांस बोलणीं बसलीं. कोथिंबिरीच्या जुडीला येतें तसें एक रबर साखरेच्या डब्यास आहे, चहाच्या पुडीस दोन. मीठ पुन्हां चिनी मातीच्या बरणींत गेलें. चिमटे पिशवींत आले. नांव घातलेल्या डब्याविषयीं आईनें एकदांच विचारलें, आणि तो गेल्याचें सांगितल्यावर "बरा जड होता," एवढें म्हणून ती शेंगा निवडूं लागली.

पहाटे पांच वाजतां आम्ही अंथरुणांत जागे असतों. आधीं बिजागरीचें झाकण वाजतें, मग खवल्यांच्या डब्याचें. भगर आणि रवा यांचा मात्र घोळ अजून होतो; दोन्ही डबे जवळजवळ एका उंचीचे निघाले. गेल्या एकादशीस भगर म्हणून रवा शिजला. पहिल्या घासालाच तो सर्वांस कळला, आईसहि कळला. कोणीं कांहीं बोललें नाहीं, आणि आम्हीं दुसऱ्यांदा वाढून घेतला.